पाणी शुद्ध की अशुद्ध, हे ठरवायचं कुणी? पोलादपूरहून सांगतोय बाबासाहेबांची गोष्ट



गेल्या मे महिन्यात आमच्या पोलादपूरच्या घरी पाण्याचा फिल्टर विकणारा एक माणूस आला. त्याने दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं. मग बॅगेतून लोखंडी कांड्या लावलेलं एक छोटं यंत्र काढलं, कांड्या दोन्ही ग्लासांत सोडल्या आणि प्लग लावला. मिनिटभरात आमचं पाणी तपकिरी झालं, वर फेस आला, तळाशी गाळ बसला. त्याच्या ग्लासातलं पाणी मात्र जसंच्या तसं.

आजी एवढी घाबरली की तिने हंड्यातलं सगळं पाणी मोरीत ओतलं. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो! बाबा तर हप्त्यावर मशीन घ्यायला तयारच झाले होते. मी म्हटलं, दोन आठवडे थांबूया.

त्या दोन आठवड्यांत मी पाण्याच्या तपासणीबद्दल बरंच वाचलं. वाचता वाचता एका अशा माणसापाशी पोचलो, ज्याचा फोटो आमच्या शाळेत रोज डोळ्यांसमोर होता, पण पाण्याशी त्याचा एवढा संबंध होता हे मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चवदार तळं आमच्या घरापासून एसटीने अर्ध्या तासावर आहे. तिथली घटना सगळ्यांना माहीत असते. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मात्र फारसं माहीत नसतं. चला, क्रमाने बघूया.

तहानेपासून सुरुवात

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू इथला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. मूळ गाव मात्र आपल्या शेजारचं: मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. म्हणजे सावित्रीच्या खाडीच्या पलीकडचा मुलूख.

लहानपणी साताऱ्याच्या शाळेत त्यांना माठाला किंवा नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपाई वरून पाणी ओतणार, तेव्हाच प्यायचं. शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. १९०१ च्या सुमारास ते भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघाले. अंगावर चांगले कपडे होते, खिशात पैसे होते, बरोबर डबा होता. पण जात कळल्यावर वाटेत कुणी पाणी दिलं नाही. रात्रभर पोरं उपाशी राहिली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नव्हता. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या पोरांच्या स्पर्शाने पाण्यात नेमकं काय बदलतं, असं कुणी विचारलं असतं तर एकालाही उत्तर देता आलं नसतं. रंग, वास, चव, काहीच बदलत नव्हतं. पाणी बाटलं हा फक्त दावा होता, आणि दावा करणाऱ्याकडे पुरावा मागायची सोय नव्हती.

पुढचं शिक्षण तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए, १९१३ ला न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डीएस्सी मिळाली, त्याच काळात बॅरिस्टरही झाले. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी स्टाफरूमच्या माठातलं पाणी घेतलेलं खपत नव्हतं. दोन खंडांत शिकून आलेला अर्थतज्ज्ञ, आणि अडचण तीच, साताऱ्याच्या शाळेतली.

महाड, मार्च १९२७

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुले करावेत, असा तो ठराव होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचं जाहीर केलं. तेव्हा सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष होते. कागदावर तळं खुलं झालं, पण प्रत्यक्षात कुणाची तिथे जायची हिंमत नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता.) रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे यांनी तयारीसाठी खूप खपून काम केलं. परिषदेला आलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, त्याला ४० रुपये लागल्याचं चरित्रांमध्ये नोंदवलंय. गावात भलंमोठं तळं, आणि पाणी विकत!

२० तारखेला परिषद संपल्यावर हजारो माणसं शिस्तीत तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी घेतलं. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही.

आणि मग झालं तळ्याचं शुद्धीकरण. १०८ घागरी भरल्या, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही घातलं आणि मंत्र म्हणत त्या तळ्यात बुडवल्या. तळं शुद्ध झाल्याचं जाहीर झालं.

थांबा, इथे थोडं विज्ञान बघू

कुणाच्या श्रद्धेला हात न लावता फक्त मोजमापाचा प्रश्न विचारू. या घागरींनी पाण्याचं काय होतं?

पाण्याची गुणवत्ता तपासताना आज मुख्यतः या गोष्टी बघतात:

१. कोलीफॉर्म. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे जिवाणू. ते पाण्यात सापडले की समजायचं, विष्ठा किंवा शेण मिसळलंय आणि त्याबरोबर कॉलरा, कावीळ, टायफॉइडचे जंतूही येऊ शकतात. ताज्या शेणाच्या एका ग्रॅममध्ये हे जिवाणू लाखोंच्या घरात असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये.

२. बीओडी. पाण्यातली घाण कुजताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात, त्याचा आकडा. जितका जास्त, तितकं पाणी वाईट. स्वच्छ नदीत तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत असतो. गटाराच्या पाण्यात दोन-तीनशे. आणि दुधात? जवळपास १ लाख! दूध प्यायला चांगलं असलं तरी तळ्यात ओतल्यावर ते घाणच ठरतं.

३. डीओ. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांची पंचाईत सुरू होते.

४. पीएच. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी. पिण्यासाठी ६.५ ते ८.५ च्या मध्ये हवा.

म्हणजे मोजमापाच्या भाषेत, ओंजळीने पाणी प्यायलेल्या माणसांमुळे तळं घाण झालं नव्हतं. शुद्धीकरणामुळे मात्र त्यात कोलीफॉर्म आणि बीओडीची भर पडली. आणि हे तेव्हाचं विज्ञान सांगू शकत नव्हतं, असंही नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्यातच कॉलऱ्याचे जंतू शोधून दाखवले होते. कोलीफॉर्मची ओळख १८८५ ची. बीओडीची चाचणी ब्रिटनमधल्या सांडपाणी आयोगाने १९१२ मध्ये पक्की केली होती. साधनं होती. प्रश्न विचारायची तयारी नव्हती.

दहा वर्षांची केस

नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले, पण त्याआधीच काही लोकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असा त्यांचा दावा. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर मात्र बाबासाहेब गेले नाहीत. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, कोर्टातच जिंकायचं, असा निर्णय झाला.

जिंकायला दहा वर्षं लागली. खालच्या कोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, अपील झालं, तेही फेटाळलं गेलं, मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १७ मार्च १९३७ ला निकाल आला: वहिवाट अनादी असल्याचं दावा करणाऱ्यांना सिद्ध करता आलेलं नाही.

मला या केसमध्ये सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. आमच्याकडे असंच चालतं म्हणणाऱ्याला कोर्टाने सांगितलं, दाखवा. आणि त्याला दाखवता आलं नाही.

देशाच्या पाण्याचा हिशोब

आता तो भाग, जो शाळेच्या पुस्तकात मला दिसला नव्हता. जुलै १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. नाव मजूर खातं, पण पाटबंधारे आणि वीज हेही त्याच खात्याकडे होतं. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला आणि बंगालमध्ये हाहाकार झाला. मग प्रश्न उभा राहिला की नदीला बांध घालून गप्प बसायचं, की पूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करायचा?

बाबासाहेब दुसऱ्या बाजूचे होते. पाणी जास्त असणं हे संकट नाही, ते साठवून वापरता न येणं हे संकट आहे, असा त्यांचा सूर होता. एकाच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक, असा बहुउद्देशीय विचार त्यांच्या खात्याने पुढे नेला. दामोदर आणि महानदीच्या योजनांची पायाभरणी याच काळातली.

पण खोऱ्याचा विचार करायचा तर आधी खोऱ्याचे आकडे हवेत. किती पाणी येतं, केव्हा येतं, किती गाळ वाहतो? प्रत्येक प्रांत आपापलं बघत होता. म्हणून एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. इंजिनिअर अयोध्यानाथ खोसला त्याचे पहिले अध्यक्ष. हाच आयोग नाव बदलत बदलत आज केंद्रीय जल आयोग म्हणून ओळखला जातो. पुराच्या वेळी नदीची पातळी किती, हे टीव्हीवर आणि मोबाईलवर तुम्ही बघता, त्यातला बराच डेटा या आयोगाचा असतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा असे आकडे वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे आमच्या भागाला चांगलंच कळलं.

एक गोष्ट स्पष्ट करतो: बाबासाहेबांनी नद्यांच्या शुद्धतेची तपासणी सुरू केली, असं मी म्हणत नाहीये. आयोगाने पाण्याची गुणवत्ता तपासायला सुरुवात केली १९६३ मध्ये, ते गेल्यानंतर सात वर्षांनी. पण देशभरच्या पाण्याची एका पद्धतीने नोंद ठेवणारी यंत्रणा हवी, हे काम त्यांच्या खात्यात उभं राहिलं. त्या यंत्रणेचे लोक आज नदीकाठच्या केंद्रांवर जागच्या जागी सहा गोष्टी तपासतात: तापमान, रंग, वास, विद्युतवाहकता, पीएच आणि डीओ. बाकीच्या चाचण्यांसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो.

पुढे संविधान आलं. त्यातलं पंधरावं कलम उघडून बघा, मोबाईलवर सहज मिळतं. धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव नको म्हणताना त्यात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा वेगळा उल्लेख आहे. जगातल्या एका मोठ्या देशाच्या राज्यघटनेत विहीर हा शब्द आहे! तो वाचताना मला मसूर स्टेशनवरची ती तहानलेली पोरं आठवली.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं.

सावित्रीचं आज काय?

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा देशाच्या आधी केला, १९६९ मध्ये. १९७० ला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं, १९७४ ला केंद्राचा कायदा आणि केंद्रीय मंडळ. आज नद्यांचे नमुने ठरावीक ठिकाणी नियमित घेतले जातात. सावित्रीवर महाडजवळ दादलीला असं ठिकाण आहे.

केंद्रीय मंडळाने नद्यांच्या पाण्याचे पाच वर्ग केलेत:

- अ: फक्त निर्जंतुक करून पिता येईल
- ब: आंघोळीला चालेल
- क: पूर्ण शुद्धीकरण करूनच प्यायचं
- ड: मासे आणि वन्यजीवांसाठी
- इ: शेती आणि कारखान्यांसाठी

बीओडी ३ च्या वर गेला की तो पट्टा प्रदूषित धरतात. २०१८ च्या यादीत देशात असे ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, आणि सावित्रीचा महाडजवळचा पट्टाही त्यात होता. महाबळेश्वरला उगम पावून आमच्या पोलादपूरवरून जाणारी हीच नदी. वरच्या अंगाला पोरं डुंबतात, खाली एमआयडीसी आणि शहर ओलांडल्यावर नाव यादीत जातं. मधल्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये काय होतं, हे आकडे नसते तर नुसत्या तक्रारी आणि नुसते नकार राहिले असते. आकडा असला की निदान विचारता येतं.

तर मग त्या तपकिरी ग्लासाचं काय?

ते यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आणि लोखंडी कांडी स्वतःच विरघळून गंजाचा तपकिरी साका होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. म्हणजे आम्हाला दाखवलेली घाण पाण्यातली नव्हती, कांडीतली होती.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. ५०० पर्यंत उत्तम. पण जंतूंबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

मग मी आमच्या जलसुरक्षकाला गाठलं. तोच टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट घेतो (पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे). त्याच्याकडून एचटूएसच्या दोन बाटल्या घेतल्या. एकात नळाचं पाणी भरलं. दुसऱ्यात वाडीच्या वरच्या झऱ्याचं. त्या झऱ्याला आमच्याकडे सगळे अमृत म्हणतात, त्याचा टीडीएस भरला ६०. बाटल्या कपाटात ठेवल्या आणि दर काही तासांनी मोबाईलने फोटो काढत राहिलो.

दुसऱ्या दिवशी नळाची बाटली तशीच होती. झऱ्याची काळी पडली होती.

बाटली काळी पडणं म्हणजे विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शक्यता. पक्क्या आकड्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो, तो आम्ही दिला. तोवर झऱ्याचं पाणी उकळून प्यायचं ठरलं. वर जाऊन बघितलं तर झऱ्याच्या डोक्यावरच गुरं बसत होती. आता तिथे कुंपण घातलंय.

तुम्ही काय करू शकता?

- ग्रामपंचायतीत फील्ड टेस्ट किट आहे का विचारा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण देतात.
- नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या प्रयोगशाळेत देता येतो.
- जल जीवन मिशनच्या वेबसाईटवर गावानुसार तपासण्यांची माहिती बघा. नदीचे आकडे राज्य प्रदूषण मंडळाच्या साईटवर मिळतात.
- पंचायतीला कोणतं कार्ड मिळालंय ते विचारा: लाल, पिवळं की हिरवं.
- कुणी कांड्या बुडवून दाखवल्या, तर त्याच्याच बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा दाखवायला सांगा. तेही तपकिरी होईल.

काळ्या बाटलीचा फोटो मी आजीला दाखवला. तिला वाटलं मी चुकून बाटल्यांची अदलाबदल केली. मी म्हटलं, पुन्हा करूया. तिने यावेळी स्वतः पाणी भरलं, स्वतः झाकण लावलं आणि चाळीस तास कपाटाची चावी कमरेला ठेवली. बाटली पुन्हा काळी. आता शेजारी कुणी तिला सांगायला लागलं की अमुक पाणी चांगलं, तमुक वाईट, तर ती पहिला प्रश्न विचारते: बाटली लावून बघितलीस का?